भंगारातला अ‍ॅक्सल आणि खडूची रेघ

  आज आपण कुठल्याही रणभूमीवर जाणार नाही. आज एका जुन्या व्हॅनच्या खाली शिरायचं आहे. कपडे मळतील, पण इतिहास सापडेल याची खात्री देतो.

दोन वर्षांपूर्वी मी मुलीकडे लॉस एंजलिसजवळ तीन महिने राहायला होतो. निवृत्त माणसाला परदेशात सकाळी काय काम असणार? फिरायला जायचं आणि लोकांच्या घरांकडे बघत परत यायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या गराजचं दार उघडं दिसलं. आत १९६३ सालची फोर्ड फाल्कन स्टँडवर उभी होती. बोनेट काढलेलं, पुढची चाकं नाहीत, खालचं सस्पेन्शन पार कापून टाकलेलं. शेजारी जमिनीवर एक गंजलेला, जाड, मधे खाली वाकलेला लोखंडी दांडा पडला होता. दोन्ही टोकांना हब.

मी फाटकाबाहेरूनच म्हणालो, "हा तर बीम अ‍ॅक्सल. या गाडीचा नाही."

आतून पंचाहत्तरीचे एक गृहस्थ हात पुसत बाहेर आले. "नाहीच. इकोनोलाइन व्हॅनचा आहे. भंगारातून आणला."

"म्हणजे कॅनिबलाइझ केलात."

ते क्षणभर थांबले आणि हसले. "कुठल्या सैन्यात होतात?"

हा शब्द जगातल्या बहुतेक सैन्यांच्या वर्कशॉपमध्ये चालतो. एक गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली, म्हणजे आमच्या भाषेत 'बी.ई.आर.' झाली, की तिचे चांगले भाग काढून दुसरी गाडी उभी करायची. त्याला कागद लागतात, सह्या लागतात. मी ई.एम.ई.मध्ये सव्वीस वर्षं काढली, अशा कागदांवर शेकड्यांनी सह्या केल्या. ते गृहस्थ अमेरिकन सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक होते आणि सार्जंट म्हणून निवृत्त झाले होते. त्या दिवसापासून ते मला 'कर्नल' म्हणू लागले आणि मी त्यांना 'सार्जंट'. माझी सकाळची फेरी त्या गराजपाशीच संपू लागली. सतरा वर्षांची त्यांची नात हाताखाली काम करायची. पाना कुठला द्यायचा हे तिला सांगावं लागत नसे.

ते जी गाडी बांधत होते तिला 'हॉट रॉड' म्हणतात. जुनी, साधी, स्वस्तातली गाडी घ्यायची, नको ते काढून टाकायचं, दुसऱ्या गाड्यांचे चांगले भाग लावायचे आणि मूळ कारखान्याने कधी कल्पनाही केली नसेल इतकी ती पळवायची. आज हा श्रीमंतांचाही छंद आहे. सुरुवात मात्र खिशात पैसे नसलेल्या पोरांनी केली, तीही भंगाराच्या ढिगावर.

दीड कोटी गाड्यांचा ढीग

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ साली बंद झाली. तेवढ्या काळात तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. साहजिकच विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात अमेरिकेतल्या प्रत्येक गावाबाहेर तिचे सांगाडे पडून होते. १९२९ नंतर मंदी आली. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, पण जुनी गाडी मातीमोलाने मिळते, अशी स्थिती झाली.

आता एक प्रश्न विचारा. भंगार तर सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांचं होतं, मग हॉट रॉडवाले फोर्डवरच का तुटून पडले? स्वस्ताई हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं गाडीच्या खाली आहे.

हेन्री फोर्ड आपल्या काही आवडीनिवडींना घट्ट चिकटून राहिले. त्यातली एक म्हणजे गाडीचा पुढचा भाग. एक सरळसोट घडीव अ‍ॅक्सल आणि त्यावर आडवा बसवलेला एकच कमानपाटा. मॉडेल टीला ही रचना होती. नंतरच्या मॉडेल एला होती. १९३२ च्या व्ही-एटलाही होती. थेट १९४८ सालापर्यंतच्या फोर्ड मोटारींना ही रचना राहिली. बाकीच्या कंपन्या मऊ चालीची नवी सस्पेन्शनं आणत होत्या तेव्हा फोर्डवर जुनाट म्हणून टीका होत होती. पण या हट्टामुळे एक गोष्ट घडली. एका सालच्या गाडीचा अ‍ॅक्सल थोड्याफार खटपटीने दुसऱ्या सालच्या गाडीखाली बसू लागला. चाळीस वर्षांच्या गाड्या जणू एकाच घरातल्या भावंडांसारख्या, एकाचा सदरा दुसऱ्याला होणाऱ्या.

शिवाय माल उत्तम होता. मॉडेल टीच्या अ‍ॅक्सलसाठी फोर्डने व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद वापरलं होतं. वजनाला हलकं आणि ताकदीला भारी. आपल्याकडे बैलगाडीचा आख चांगल्या बाभळीचा असला की शेतकरी तो जपून ठेवायचा, गाडीचं बाकीचं लाकूड बदललं तरी आख नव्या गाडीला चालायचा. तिथेही तसंच झालं.

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं. २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत अपघातात मोडलेल्या गाड्यांमधून ही इंजिनं भंगारात येऊ लागली. पोरं ती उचलून हलक्या गाड्यांत बसवू लागली. पण वेग वाढला की थांबण्याचा प्रश्न येतो. फोर्डचे ब्रेक तेव्हा सळ्यांनी ओढले जाणारे होते. १९३९ साली फोर्डने अखेर हायड्रॉलिक ब्रेक दिले. लगेच ते ब्रेक मोडक्या गाड्यांतून निघून १९३२ च्या गाड्यांवर चढले. सॅन दिएगोत एड स्टुअर्ट नावाचे कारागीर अ‍ॅक्सलची टोकं तापवून अशी वळवायचे की मधला भाग काही इंच खाली यायचा आणि गाडी जमिनीला चिकटून पळायची. त्यांच्या नावाच्या मधे लोकांनी 'अ‍ॅक्सल' हा शब्द कायमचा घातला.

गाड्या पळवायच्या कुठे? लॉस एंजलिसच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर मोहावी वाळवंटात म्युरॉक नावाचं कोरडं तळं आहे. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हात वाळतं, आणि मागे राहते मैलोन्‌मैल पसरलेली फरशीसारखी जमीन. तिथे ही पोरं घड्याळ लावून वेग मोजू लागली. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली. नियम आले, वर्ग आले, गाडी तपासूनच मैदानात सोडण्याची शिस्त आली. ही शिस्त लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

युद्धाने दिलेलं भंगार

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं. पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले. लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि कितीतरी जुन्या मॉडेल टी भट्टीत गेल्या. म्युरॉकचं तळं सैनिकी विमानतळ झालं. पुढे ऑक्टोबर १९४७ मध्ये चक येगर यांनी ध्वनीचा वेग ओलांडला तो याच तळावरून. आज त्याला एडवर्ड्‌स हवाई तळ म्हणतात. हॉट रॉडवाल्यांनी आपला मुक्काम एल मिराज या दुसऱ्या कोरड्या तळ्यावर हलवला.

पण युद्ध जे घेऊन गेलं त्यापेक्षा जास्त त्याने परत दिलं, असं माझं मत आहे. हजारो तरुण परत आले ते वेल्डिंग, लेथ, हायड्रॉलिक्स आणि विमानांची इंजिनं शिकून. आणि त्यांच्या पाठोपाठ सरकारी गोदामांमधून 'सरप्लस' माल बाजारात आला. विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्या, कमरेचे पट्टे, पंप, मीटर. मोटारीत बसताना पट्टा बांधायचा असतो हे सर्वसामान्य कारखान्यांनी मनावर घेण्याच्या आधी हॉट रॉडवाले विमानातले पट्टे बांधून पळत होते.

यातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण बिल बर्क यांचं. युद्धात ते तटरक्षक दलात पॅसिफिक महासागरात होते. तिथे त्यांनी लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावतात त्या जादा इंधनाच्या टाक्या पाहिल्या. पेट्रोल संपलं की वैमानिक त्या खाली टाकून देतो. आकार पाण्याच्या थेंबासारखा, हवा कापणारा. बर्क यांनी टाकीची मापं घेतली. १९४६ साली परत आल्यावर एक टाकी विकत घेतली, तिच्यात चौकट, अ‍ॅक्सल आणि फोर्डचं इंजिन बसवलं, आणि एल मिराजवर ती पळवली. शत्रूवर जाताना फेकून देण्यासाठी बनवलेली वस्तू ताशी १३० मैलांच्या पुढे धावली. त्यांनीच नंतर पी-३८ विमानाची मोठी टाकी वापरून इंजिन मागे बसवलं. अलेक्स झिडियास हे दुसरे सैनिक. मार्च १९४६ मध्ये सैन्यातून सुटका झाली त्याच दिवशी त्यांनी 'सो-कॅल स्पीड शॉप' नावाचं दुकान उघडलं. त्यांच्या टाकीच्या गाडीने १९५२ पर्यंत ताशी १९८ मैलांचा वेग गाठला.

आपल्याकडेही त्याच युद्धाचा माल आला होता. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द माझ्या वडिलांच्या पिढीला नवा नव्हता. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. योगायोग बघा, अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांना पुढे ज्या छोट्या, हलक्या मोटारीचं वेड लागलं ती याच विलीज कंपनीची, युद्धाआधीची कूपे.

व्हॅनचा अ‍ॅक्सल का?

आता सार्जंटच्या गराजमध्ये परत या. फाल्कनचं चांगलं नवं सस्पेन्शन कापून त्याखाली मालवाहू व्हॅनचा सरळ अ‍ॅक्सल का लावायचा? हा उलटा प्रवास नाही का?

१९५० च्या दशकात शर्यतींचं रूप बदललं. तळ्यावर लांब पळण्याऐवजी पाव मैलाची सरळ धाव सुरू झाली, तिला ड्रॅग रेस म्हणतात. त्यात पंपावर मिळणारं साधं पेट्रोल वापरणाऱ्या गाड्यांचे वर्ग होते. 'गॅस'चे वर्ग म्हणून या गाड्यांना 'गॅसर' नाव पडलं. पाव मैलात सगळा खेळ सुटण्याच्या क्षणाचा. मागची चाकं जमिनीला जितकी चिकटतील तितकी गाडी झेप घेणार. तेव्हाचे टायर कडक आणि अरुंद होते. म्हणून गाडीचं नाक उंच करायचं, म्हणजे सुटताना वजन मागे ढकललं जाईल. नाक उंच करायला सगळ्यांत सोपा, स्वस्त आणि मजबूत उपाय म्हणजे सरळ अ‍ॅक्सल आणि दोन बाजूंना दोन लांब कमानपाटे. वर मोठं इंजिन बसवायलाही जागा होते.

पण १९४९ पासून फोर्डच्या नव्या मोटारींना सरळ अ‍ॅक्सल येणंच बंद झालं. मग तो मिळणार कुठे? मालवाहू गाड्यांत. पिकअप ट्रकचा अ‍ॅक्सल मिळायचा, पण तो जड. तेवढ्यात १९६१ सालच्या मॉडेलपासून फोर्डने इकोनोलाइन ही चपट्या तोंडाची छोटी व्हॅन आणली. ही व्हॅन फाल्कनच्याच सुट्या भागांवर बेतलेली होती, पण पुढे सरळ घडीव अ‍ॅक्सल आणि कमानपाटे. मोटारीच्या मापाला जवळचा, पिकअपपेक्षा हलका, पाच बोल्टांची चाकं. १९६७ पर्यंत ही रचना राहिली. शेवरले आणि डॉज यांच्या त्या दशकातल्या छोट्या व्हॅनही अशाच होत्या. सुतार, नळवाले, दूधवाले, फोन कंपन्या यांनी या व्हॅन झिजेपर्यंत वापरल्या आणि भंगारात टाकल्या. गॅसर बांधणाऱ्यांनी त्या भंगारातून अ‍ॅक्सल उचलले.

यात एक गंमत आहे. या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे होतं. त्यामुळे सगळं वजन पुढे आणि मागची चाकं हलकी. तोल सांभाळायला फोर्डने मागच्या बाजूला १६५ पौंडांचं, म्हणजे पंचाहत्तर किलोंचं निव्वळ वजन बसवलं होतं. ज्या गाडीला मागे वजन कमी पडत होतं, तिचाच अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचं वजन मागे फेकण्यासाठी वापरला गेला!

मागच्या बाजूलाही अशीच कथा. १९५७ साली फोर्डने नऊ इंची गिअर असलेला मागचा अ‍ॅक्सल आणला. त्याचा डिफरन्शियलचा गोळा पुढून बोल्ट काढून सबंध बाहेर येतो, त्यामुळे गिअर बदलणं सोपं. स्टेशन वॅगन, पिकअप, व्हॅन, कशाखालीही तो सापडायचा. नळ्या कापून अरुंद करायचा आणि आपल्या गाडीला लावायचा. आजही जगभर हॉट रॉडखाली तोच दिसतो.

बसवण्याचं काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही. व्हॅनमध्ये ड्रायव्हर अ‍ॅक्सलच्या अगदी वर बसतो, मोटारीत मागे. म्हणून स्टिअरिंगची ड्रॅग लिंक नव्याने आखावी लागते. ती चुकली तर खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप वळते. किंग पिन किंचित मागे झुकलेली असावी लागते, सायकलचा पुढचा फोर्क झुकलेला असतो तशी. तो झुकाव असला की गाडी सरळ धावते. नाक उंच केलं की हा कोन बदलतो. तो अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मधे पाचर घालून पुन्हा जुळवावा लागतो. नाहीतर ठराविक वेगाला पुढची चाकं अशी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. सार्जंट दर वेळी मोजायचे, नात वहीत लिहायची. तीनदा मोजल्याशिवाय कापायचं नाही असा नियम होता.

खडूची रेघ

एके सकाळी त्या मुलीने अ‍ॅक्सलचे स्टब स्वच्छ करून टेबलावर मांडले होते. चाक ज्यावर फिरतं तो स्टब. तिने विचारलं, "हे चांगले दिसताहेत. रंग देऊन बसवू का?" सार्जंटनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. दोघांनाही एकच गोष्ट आठवली असणार.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण अ‍ॅक्सल मोडण्याचा इतिहास अ‍ॅक्सल वापरण्याइतकाच महत्त्वाचा आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला. गाडी रुळावरून उतरली, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली. अ‍ॅक्सल मजबूत होता, रोज धावत होता, तरी मोडला कसा, या प्रश्नाने युरोपातल्या अभियंत्यांची झोप उडवली. प्रशियाचे रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी त्यावर कित्येक वर्षं प्रयोग केले. त्यांनी दाखवलं की एका झटक्यात न मोडणारं पोलाद त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा उलटसुलट पडला की मोडतं. भेग सुरू होते ती बहुधा जिथे जाडी अचानक बदलते त्या कोपऱ्यात. आज आपण याला धातूची थकावट म्हणतो.

जुना भाग वापरणाऱ्याने हे कधी विसरू नये. गंज दिसतो, झीज हाताला लागते, थकावट दिसत नाही. भंगारातला स्टब किती मैल चालला, किती खड्ड्यांत आपटला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. वरून चकचकीत क्रोम चढवला तर धोका वाढतोच, कारण त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकतं.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर या मालिकेत सांगितलेली नाही.

मी तरुण कॅप्टन होतो, उंचावरच्या एका भागात एका लहान वर्कशॉपचा प्रमुख. बर्फ पडून खिंड बंद व्हायला थोडे दिवस उरले होते आणि खाली जाणाऱ्या ताफ्यातली एक टनी गाडी पुढच्या डाव्या स्टबमुळे अडकली होती. नवा स्टब यायला आठवडा लागला असता. बी.ई.आर. झालेल्या एका गाडीचा स्टब होता. सातारकडचे एक अनुभवी हवालदार माझ्या हाताखाली होते. ते म्हणाले, "साहेब, रात्रभर रॉकेलात राहू द्या. सकाळी खडू लावून बघू."

मी म्हणालो, "सकाळी गाडी निघायला हवी. दिसायला चांगला आहे, बसवा."

त्यांनी बसवला. हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी उतारावर चाक निघालं. गाडी डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूला आदळली. उजवीकडे गेली असती तर खाली नदी होती. ड्रायव्हर वाचला. त्याचा डावा पाय चेंगरला होता, तो पुढे कधी सरळ झाला नाही. मोडलेला स्टब माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याचं तोंड मी नीट पाहिलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळ्या असलेला. ती जुनी भेग. आणि उरलेला भाग चमकता, दाणेदार. तो त्या दिवशी मोडला. म्हणजे मी सही केली तेव्हा तो अर्ध्यापेक्षा जास्त मोडलेलाच होता.

चौकशी झाली. निष्कर्ष 'धातूची थकावट' असा निघाला. कोणावर ठपका आला नाही. हवालदारसाहेबांनी त्या रात्रीचं संभाषण चौकशीत सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी ते माझ्यासाठी केलं. मी ते स्वतःसाठी केलं. हा फरक मला त्या वेळीही कळत होता. तो ड्रायव्हर आज त्याच्या गावी शेती करतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, "साहेब, बरे आहात ना?" त्याला मी खरं सांगितलं ते निवृत्त झाल्यावर. तो म्हणाला, "माहीत होतं साहेब. हवालदारसाहेबांनी हॉस्पिटलात सांगितलं होतं." म्हणजे एवढी वर्षं तो ते माहीत असून मला फोन करत होता. पुढे काय बोलावं मला सुचलं नाही. आजही सुचत नाही.

तर, त्या सकाळी गराजमध्ये मी त्या मुलीला हवालदारसाहेबांची पद्धत दाखवली. भाग अगदी स्वच्छ करायचा. रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवायचा. सकाळी पुसून खडखडीत कोरडा करायचा. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्यावर पातळ लेप द्यायचा. वाळला की पांढरा दिसतो. मग हातोडीने हलके ठोके द्यायचे. भेग असेल तर तिच्यात लपलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आज याहून चांगल्या चाचण्या आहेत, चुंबकाच्या आहेत, रंगाच्या आहेत. सार्जंटही नंतर सगळे भाग तिकडे पाठवणार होतेच. पण ही पद्धत डोळ्यांना शिकवते.

उजव्या स्टबवर काही आलं नाही. डाव्यावर, अगदी मुळाशी, जिथे जाडी बदलते त्या कोपऱ्यात, केसाएवढी रेघ उमटली.

मुलगी खूप वेळ ती बघत राहिली. दोन आठवड्यांनी गाड्यांचा मेळावा होता आणि तिला गाडी तिथे न्यायची होती. "वेल्ड केलं तर?" तिने विचारलं. सार्जंट म्हणाले, "स्टिअरिंगच्या आणि स्टबच्या घडीव भागावर वेल्डिंग नाही. कधीच नाही." मग त्यांनी ग्राइंडर घेतला आणि तो स्टब मधोमध कापला. मी का म्हणून विचारलं नाही, कारण आमच्याकडेही हीच रीत होती. टाकून दिलेला भाग साबूत राहिला तर तो कोणीतरी परत उचलतो.

तपासणाऱ्यांचा इतिहास

हॉट रॉडचा इतिहास साधारणपणे वेगाचा इतिहास म्हणून सांगतात. मी तो तपासणीचा इतिहास म्हणून वाचतो. युद्धानंतर ही पोरं शहरातल्या रस्त्यांवर शर्यती लावू लागली, माणसं मेली, वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं. तेव्हा त्यांच्यातल्याच जाणत्यांनी सूत्रं हातात घेतली. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं. त्याच महिन्यात लॉस एंजलिसच्या सैनिकी आर्मरीत त्यांनी प्रदर्शन भरवून लोकांना दाखवलं की या गाड्या किती काळजीने बांधलेल्या असतात. वॉली पार्क्स, तेही युद्धात पॅसिफिक आघाडीवर होते, त्यांनी १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' काढली. १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. १९५४ पासून एका स्टेशन वॅगनमध्ये सामान भरून त्यांचं पथक गावोगाव फिरलं आणि शर्यत सुरक्षित कशी घ्यायची, गाडी कशी तपासायची ते शिकवलं. त्या पथकाचं नाव 'सेफ्टी सफारी'. भंगारातून गाडी बांधणाऱ्यांनीच 'नाही, ही मैदानात जाणार नाही' म्हणणारा माणूस तयार केला. त्या माणसामुळे हा छंद टिकला.

आपल्या देशातल्या तरुण दर्शकांना एक स्पष्ट सांगतो, कारण प्रश्न येणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेली मूळ रचना बदलून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. तेव्हा हे बघून घरच्या ओम्नीखाली शिरू नका. शिकायचं असेल तर एखाद्या चांगल्या मेकॅनिककडे, भंगारात टाकलेल्या भागावर शिका. मोडलेला भाग फुकट मिळणारा गुरू आहे. त्याचं तोंड नीट बघा.

भंगार कशाला म्हणायचं, हा शेवटी माणसाने घेतलेला निर्णय असतो. हॉट रॉडवाल्यांनी तो फिरवला, म्हणून विमानाची टाकी मोटार झाली आणि दूधवाल्याची व्हॅन शर्यतीत उतरली. पण फिरवलेल्या निर्णयाखाली कुणाचीतरी सही असते. गाडीत बसणारा त्या सहीवर विश्वास ठेवून बसतो.

मेळावा त्या मुलीचा हुकला. पाच महिन्यांनी तिने फोटो पाठवला. नाक वर काढलेली फाल्कन, खाली काळा रंगवलेला व्हॅनचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंगवर आजोबा. त्याच्या आधी आलेला एक फोटो मात्र मी जपून ठेवला आहे. त्यात दुसऱ्या व्हॅनचा एक स्टब टेबलावर आहे, खडूने पांढरा झालेला. रेघ कुठेही नाही.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, घाईत सही करू नका. जय हिंद.